चिखलातलं शहर आणि पिंपळाजवळचा विहार

आमच्या विहाराच्या उत्तरेच्या भिंतीला भेग गेली ती सगळ्यात आधी मी पाहिली. उन्हाळ्यात त्या भेगेत माझा पंजा जायचा. पावसाळा लागला की ती मिटायची, जशी काही झालीच नव्हती. दोनदा सिमेंट भरलं. दोन्ही वेळा पुढच्या वैशाखात भिंत बाजूला फाटली. शेवटी बुद्धमूर्ती त्या भिंतीपासून काढून मधे आणून ठेवली आणि उत्तरेकडून कोणी बसेना.

घाटंजीकडची आमची माती काळी. कापसाला मायेची, घराला वैरीण. पाणी प्याली की फुगते, ऊन लागलं की आकसते आणि फाटते. त्यात आमच्या बापजाद्यांनी आणखी एक केलं. विहार बांधला त्याच वर्षी त्यांनी उत्तरेच्या भिंतीला खेटून पिंपळ लावला. बोधिवृक्ष विहाराच्या अंगाला असावा, दूर कशाला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. झाड मोठं झालं. मुळं भिंतीखाली शिरली आणि उन्हाळ्यात तिथली ओल पिऊन टाकू लागली. एकीकडची माती जास्त आकसली, भिंत तिकडं झुकली. पण बोधिवृक्षाला कुऱ्हाड कोण लावणार? आमच्या वस्तीत असा माणूस जन्मला नाही.

त्या सालांत कापसाला भाव नव्हता. बोंडअळीनं पऱ्हाटी उभी खाल्ली, फवारे मारून माणसं थकली. वस्तीत गेलेल्या माणसांच्या पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम लग्नांपेक्षा जास्त होऊ लागले. ते सगळे विहारातच व्हायचे. ज्या घरचा माणूस गेला त्या घरची बाई संध्याकाळी येऊन पिंपळाखाली बसायची, आणि दोनचार बाया न बोलावता तिच्याजवळ येऊन बसायच्या. विहार वस्तीच्या मधोमध होता म्हणून हे होत होतं.

तेव्हाच दारव्ह्याच्या एका व्यापाऱ्यानं डांबरी रोडला लागून बरडाची जागा देऊ केली. खाली पक्का मुरूम. विहार बांधूनही देतो म्हणाला. फक्त दारावर त्याच्या आजोबाची पाटी लागेल. वैशाख पौर्णिमेला खीरदान झाल्यावर सगळे भिंतीच्या दक्षिणेला सतरंजीवर बसले आणि विषय निघाला. आमच्या विहार समितीचा अध्यक्ष माझ्या चुलतभावाचा मुलगा. शिकलेला आहे, शाळेत शिकवतो, मला मोठेबाबा म्हणतो.

"मोठेबाबा," तो म्हणाला, "माती बदलवता येत नाही. जागा बदलवता येते."

"माती नाही बदलत," मी म्हणालो, "अन् मी बी नाही बदलत."

लोक हसले. तो नाही हसला. "मंग भिंत कोणाच्या अंगावर पडाची वाट पाहून राह्यले तुमी?"

"रोडवर ट्रक चालतात. संध्याकाळी बाया तेवढ्या दूर कशा येतीन, सांग. अन् दुसऱ्याच्या पाटीखाली मी वंदना म्हणत नाही."

"तुमच्या एकट्यासाठी विहार नाही ना जी."

हे त्यानं खरं म्हटलं. पण खरं असलं म्हणून मी मान डोलवत नसतो. मी दसऱ्यापर्यंत मुदत मागितली. दसऱ्यापर्यंत मी विहार याच जागी उभा राहील असा उपाय आणला नाही तर रोडची जागा घ्यायची, आणि मी तोंड उघडायचं नाही. सगळ्यांसमोर ठरलं. घरी आल्यावर मला समजलं की उपाय कोठून आणायचा हे मला ठाऊक नाही.

माझी एकच लेक. सरकारच्या शिष्यवृत्तीवर हॉलंडात इमारतींचं शिकायला गेली आणि तिथंच एका ऑफिसात नक्शे काढू लागली. ज्या शहरात ती राहते त्याचं नाव आमच्याकडं धड कोणाला बोलता येत नाही. सगळे कालव्याचं गाव म्हणतात. आमच्याकडंही कॅनॉल आहे, फक्त त्यात पाणी सोडून सगळं असतं. पासपोर्ट तिनं कधीचा काढायला लावला होता, मीच जात नव्हतो. त्या रात्री फोनवर मी तिला भेगेचं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, हे अख्खं शहर चिखलात उभं आहे. तीनशे-चारशे वर्षांपासून. या अन् पाहा."

"चिखलात कसं उभं राहीन?"

"तेच पाहाले या म्हणून राह्यली ना."

पऱ्हाटी लावली, तणाची एक डवरणी झाली आणि मी निघालो. वावर चुलतभावानं पाहिलं. विमानाचं काय सांगू, बसून बसून पाय सुजले एवढंच आठवतं.

शहर पाहिलं आणि पहिल्या दिवशी मला हसू आलं. कालव्याच्या काठानं उंच अरुंद घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. कोणी पुढं झुकलेलं, कोणी बाजूच्याच्या अंगावर रेललेलं, जत्रेतून घरी चाललेल्या माणसांसारखी. मी म्हणालो, "पोरी, हे तर आमच्या भिंतीपेक्षा वाईट आहे."

लेक म्हणाली, "झुकलेले आहेत, पडले नाहीत. खाली लाकडाचे लांब खुंटे ठोकले आहेत, चिखल पार करून वाळूपर्यंत. लाकूड पाण्यात बुडलेलं राह्यलं तर सडत नाही. पाणी खाली उतरलं अन् हवा लागली की सडते. जिथं पाणी उतरलं तिथं घर झुकलं."

हे मला एका झटक्यात पटलं. आमच्याकडंही ओल उतरल्यावरच घोटाळा होतो. मग मी त्या झुकलेल्या घरांना हसलो नाही.

पण लेकीला मला जुनी घरं दाखवायची नव्हती. तिचा जीव नव्या इमारतींत. जुन्या शहराच्या कडेनं, जिथं पूर्वी जहाजं लागायची तिथं, त्यांनी काचेची, लोखंडाची, नागडी सिमेंटाची मोठमोठी कामं केली आहेत. दूरदूरचे लोक ती पाहायला येतात. लेकीनं रजा काढली होती आणि रोज मला एक दाखवायची. मी प्रत्येक इमारतीजवळ गेलो की आधी खाली पाहायचो, ती जमिनीत कशी शिरते ते.

"बाबा, वर पाहा. छत कसं आहे."

"छताले काय होते? छत कधी भांडण करत नाही. भांडते ती जमीन."

"वर पाहाले काय बंदी आहे काय?"

मी वर पाहिलं तिच्यासाठी. एका वाचनालयात ती मला घेऊन गेली. बाहेरून दगडी ठोकळा, आत शिरलं की सगळीकडून उजेड. कुठूनही ऊन डोळ्यात येत नव्हतं, आणि तरी उजेड पुस्तकावर पडत होता. शेकडो माणसं बसलेली, कोणाचा आवाज नाही, सगळ्यांच्या माना वाकलेल्या. मी दाराशीच जोडे काढले. लेक पुढं गेली होती. तिला समजलं तेव्हा दारावरची एक बाई माझे जोडे दोन बोटांत धरून माझ्यामागे येत होती.

"बाबा! काहून काढले?"

"इथं जोडे घालून जातात?"

"सगळे घालूनच जातात. घाला."

"ते जावोत. मी नाही जात."

बाई काहीतरी विचारत होती. लेकीनं तिला काहीतरी सांगितलं, बाई हसली आणि जोडे एका खिडकीमागे ठेवून दिले. मी मोजे घालून ते सगळं वाचनालय फिरलो, वरच्या मजल्यापर्यंत. लेकीला मी विचारलं, तू तिला काय सांगितलं? ती म्हणाली, "सांगतलं का माझ्या बापाले ही इमारत आवडली." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावरची घरं पाहिली. खरी घरं, खाट-चूल-संडास सगळं असलेली, पण पाण्यावर तरंगणारी. भिंतीशी लोखंडी खांब, पाणी वाढलं की घर त्या खांबाला धरून वर सरकतं, उतरलं की खाली. लेक मोठ्या कौतुकानं सांगत होती.

"आमची बी घरं वरखाली होतात," मी म्हणालो. "फक्त सांगून होत नाहीत."

ती हसली. मग मी तिला विचारलं, असं तरंगतं विहाराचं काही होईल काय? ती म्हणाली, काळ्या मातीवर तरंगायला जमत नाही, ती पाण्यासारखी सारखी नसते, एका कोपऱ्यात ओढते, दुसऱ्यात ढकलते. मी तो विचार तिथंच सोडला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भांडण झालं. आम्ही कुठल्याशा नाट्यगृहाकडं चाललो होतो, वाटेत एक बांधकाम लागलं. पत्र्याच्या कुंपणाला गोल भोकं पाडली होती, रस्त्यानं जाणाऱ्यानं पाहावं म्हणून. आत एक यंत्र सिमेंटाचा लांब खांब जमिनीत दाबत होतं. ठोकत नव्हतं, दाबत होतं. शेतातला खुंटा बैलानं ओढून उपटतो त्याच्या उलट. खांब आत, आत, आत जात होता आणि चिखलातून काळं पाणी वर येत होतं. मी भोकाला डोळा लावला तो काढला नाही.

लेक म्हणाली, "चला, बाबा."

"तू जा पुढं."

थोड्या वेळानं ती परत म्हणाली. मग ती एका दगडावर बसली. मग ती उठली आणि तिचा आवाज चढला. "मी रजा काढली ते तुमी भोकातून चिखल पाहाले काय? एवढ्या दुरून आले, अन् एका इमारतीकडं धड पाहून नाही राह्यले!"

"तुह्या इमारती पाहाले मी नाही आलो. मी माह्या विहारासाठी आलो."

"माहीत आहे मले. माझाही आहे तो विहार. आई गेली तेव्हा मी कोठं बसलती?"

मला आठवलं. ती पिंपळाखाली बसली होती, त्या उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून. भेग तेव्हाही होती.

ती शांत झाली आणि म्हणाली, "चला. एकच दाखवते. मंग तुमी म्हणाल तर परवाचं तिकीट काढते."

ती मला ट्राममधून एका चौकात घेऊन गेली. तिथं जुनी मोठी झाडं होती, आमच्या कडुनिंबाएवढ्या घेराची. आणि त्या झाडांमधे एक नवी इमारत उभी होती. उभी म्हणजे खरोखर उभी. खाली भिंतच नव्हती. सिमेंटाचे तिरपे पाय, आणि पायांवर, माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी वर, सगळी इमारत. खालून सायकली जात होत्या. एका झाडाची फांदी इमारतीच्या पोटाखालून दुसऱ्या बाजूला गेली होती. मुळांना मोकळी जमीन, कोणी दाबलेली नाही.

मी एका पायाला हात लावला. गार होता.

"हे तर मचाण आहे," मी म्हणालो. रानडुकरांपासून पऱ्हाटी-तूर राखायला आम्ही चार बल्ल्यांवर मचाण बांधतो, तिला कधी भेग जात नाही, कारण ती जमिनीला चार ठिकाणीच शिवते. "मोठी मचाण आहे ही."

"हो," लेक म्हणाली. "हेच दाखवाचं होतं तुमाले."

"मंग पहिल्याच दिवशी काहून नाही दाखवलं?"

"पहिल्या दिवशी तुमी मान वर केली असती काय?"

नसती केली. 

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात, म्हणजे घड्याळात रात्र आणि खिडकीत लख्ख ऊन असताना, तिनं पुठ्ठ्याचा विहार कापला आणि चार पेन्सिलींवर ठेवला. जमीन म्हणून पोळपाट, पिंपळ म्हणून कोथिंबिरीची जुडी. जुन्याच्या जागी नवा विहार, जमिनीपासून उंच, पायऱ्या दक्षिणेला, पिंपळाची मुळं खाली मोकळी. खाली सावलीत बायांना बसायला जागा. मला तो पाहताक्षणी आवडला आणि मी म्हणालो, "घुमट कोठं आहे?"

"घुमट नाही. सपाट छत, कडेनं उजेड. त्या वाचनालयासारखा."

"घुमटाशिवाय विहार म्हणजे ग्रामपंचायत."

"घुमट म्हणजे वजन, बाबा. जेवढं वजन वर, तेवढे पाय खाली."

आम्ही जेवण होईपर्यंत भांडलो. शेवटी असं ठरलं की घुमट राहील, पण पत्र्याचा, हलका, आणि त्याच्या खालून चारही बाजूंनी उजेड येईल. ती म्हणाली, तुमी जिंकले. मी म्हणालो, उजेड तुहा आहे. पण मग तिनं पेन्सिल उचलून पोळपाटावर टोक टेकवलं.

"हे सगळं एका गोष्टीवर आहे. हे पाय खाली मुरमात टेकले पाहिजे. काळ्या मातीत टेकले तर काही उपेग नाही. आपल्याकडं असे पाय करतात, भोक पाडून त्यात लोखंड-सिमेंट भरतात. पण त्या जागेत काळी माती किती खोल आहे कोणाले माहीत? पहिले ते पाहा. मुरूम नाही लागला तर, बाबा, रोडची जागा घ्या. माझ्यासाठी म्हणून हट्ट करू नका."

"तुह्यासाठी कोण हट्ट करून राह्यलं?" मी म्हणालो.

परत आलो तेव्हा पऱ्हाटी कमरेएवढी होती आणि अळी आली होती. लोकांना विहारापेक्षा फवारणीची घाई. तरी पोळा झाल्यावर बैठक बसली. मी पुठ्ठ्याचा विहार कपड्यांत गुंडाळून जपून आणला होता, तो मांडला.

"मोठेबाबा," अध्यक्ष म्हणाला, "एवढ्या दूर जाऊन तुमी मचाण शिकून आले काय?"

"हो. तिथं मचाणीले पाहाले लोक तिकीट काढून येतात."

हशा झाला. मग त्यानं नेमकं बोट ठेवलं. "खाली मुरूम कोठं आहे? या कोपऱ्यात आजापणजाच्या काळी विहीर खोदलती, माती संपता संपली नाही, सोडून दिली म्हणतात."

लेक म्हणाली तेच मी म्हणालो. भोक पाडून पाहू. मुरूम लागला तर विहार इथंच. नाही लागला तर रोड. "अन् मंग तुमी बोलणार नाही," तो म्हणाला. "नाही बोलणार," मी म्हणालो. मंडळींनी दोघांचं ऐकून घेतलं.

यवतमाळच्या एका ठेकेदाराकडून मोठं गिरमिट आणलं. लाकडाला भोक पाडतो तसंच, फक्त माणसाएवढं. वर आडवा दांडा, तो चार माणसांनी घाण्याच्या बैलासारखं फिरत फिरवायचा. खालचा फाळ मातीनं भरला की वर ओढायचा, माती झटकायची, परत खाली. खोल गेलं की सळी जोडायची. ठेकेदाराकडं जेवढ्या सळ्या होत्या तेवढ्या आणल्या होत्या. त्या संपल्या की खेळ संपला.

सकाळी सगळी वस्ती जमली. उत्तरेच्या कोपऱ्यापासून सुरू केलं, सगळ्यात खराब जागेपासून. मी तसंच म्हणालो. सोपी जागा आधी घेतली तर नंतर कोणी म्हणेल, म्हाताऱ्यानं निवडली.

काळी माती वर आली. चिकट, तेलासारखी चमकणारी. परत काळी. सळी जोडली, काळी. फिरवणारे बदलले. माझ्या हातात बळ नाही तरी मी दांड्याला हात लावून फिरलो. पुन्हा काळी. अध्यक्ष पिंपळाच्या पारावर बसून होता, आणि त्याचं तसं बसणं मला जास्त टोचत होतं. महिला मंडळाची म्हातारी, जिच्या घरातलं माणूस त्याच सालात गेलं होतं, ती जवळ येऊन म्हणाली, "भाऊ, मी बी फिरवू काय?"

"व माय, तुले झेपन काय?"

"मले इथंच बसाचं आहे ना."

ती दांड्याला लागली. तिच्यामागे आणखी दोघी. 

शेवटची सळी जोडली. फाळ वर आला तर काळ्या मातीत पांढरे खडे दिसले, चुनखडीचे. ज्यांनी विहिरी खोदल्या त्यांना माहीत आहे, चुनखडी दिसली म्हणजे माती थकत चालली. पण चुनखडी म्हणजे मुरूम नाही. सळी हातभर उरली होती. दांडा जड फिरू लागला, खालून कर्रकर्र आवाज येऊ लागला, दात खाल्ल्यासारखा. मी ओरडलो, "थांबू नका!" दांडा जमिनीला टेकला. मग सगळ्यांनी मिळून वर ओढली.

फाळाच्या टोकाला पिवळा मुरूम होता. थोडासाच, मूठभर. वर काळी माती, मधे पांढरी, खाली पिवळा.

 अध्यक्ष पारावरून उठून आला. त्यानं तो मुरूम चिमटीत घेतला, तळहातावर चोळला, उन्हात पाहिला. मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो.

"हा एकाच कोपऱ्याचा झाला, मोठेबाबा," तो म्हणाला. "बाकीचे तीन?"

"तू फिरवतं काय?"

त्यानं हातातला मुरूम खाली टाकला नाही, पुठ्ठ्याच्या विहाराजवळ नेऊन ठेवला. मग सदरा काढला, गमछा कमरेला बांधला आणि दांडा धरला. "चला बे," तो बाकीच्यांना म्हणाला, "ऊन चढाच्या आधी."

दुसऱ्या कोपऱ्याला आम्ही तेव्हाच लागलो. तिथं मुरूम सळ्या संपायच्या आधीच लागला.